प्रीमियर पद्मिनीचं फ्रंट अलाइनमेंट : कुर्ल्यातल्या जुन्या गॅरेजचा रिव्ह्यू

ज्यांच्याकडे अजून पद्मिनी आहे आणि गाडी पुढचे टायर खातेय किंवा साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरतंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझी ८९ ची आहे. आधी एका चकाचक कंप्युटर अलाइनमेंटवाल्याकडे (चाकांची दिशा जुळवून देणाऱ्याकडे) गेलो होतो, त्याने गाडी रॅम्पवर घेतली, टाय रॉड (चाकांची दिशा ठरवणारे दांडे) फिरवले, प्रिंट हातात दिली, सगळे आकडे हिरवे, आणि थरथर मात्र तशीच. काही आठवड्यांत पुढच्या टायरवर आतून बाहेर हात फिरवला की करवतीसारखे दात लागायला लागले आणि बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत. याचा सरळ अर्थ टो-इन, म्हणजे चाकांचं पुढून आत वळलेलं असणं, जास्त झालंय.

मग कुर्ल्याला गेलो. पद्मिनी बनायचीच कुर्ल्यात, त्यामुळे आणि टॅक्सीमुळे तिथे या गाडीचा हात बसलेली माणसं होती, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या आणि आता असे मिस्त्री शोधावे लागतात. तिथल्या मिस्त्रीने, म्हणजे उस्तादांनी, प्रिंटकडे बघितलंच नाही. म्हणाले, "पहले प्ले देखेंगे," म्हणजे आधी ढिलेपणा बघू.

हे बघणं खरंच शिकण्यासारखं आहे. पुढचं चाक जॅकवर उचललं, एक हात वर एक हात खाली धरून हलवलं, खटखट आली. मग पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि परत हलवलं. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली असती तर व्हील बेअरिंग ढिलं, पण ती राहिली म्हणजे किंगपिनचा (ज्या पिनवर चाक वळतं तिचा) बुश, म्हणजे पिनभोवतीची नळी, गेलाय. नंतर चाक डावीउजवीकडून धरून हलवलं आणि खाली बघितलं तर आयडलरचा (स्टेअरिंगच्या जोडणीतल्या आधाराच्या हाताचा) बुशही संपलेला. आता एवढा ढिलेपणा असताना मशीनवर कितीही बरोबर आकडा आणा, गाडी रस्त्यावर आली की चाकं आपल्या मर्जीने हलणार, तो आकडा टिकणार कसा?

किंगपिनचे नवीन बुश नुसते ठोकून बसवले नाहीत, रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारून पिन हाताने फिरेल इतकेच मोकळे केले. ही स्टेप भरपूर जण खातात आणि मग स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर सरळ परत येत नाही. ग्रीस पण दोन्ही टोकांतून बाहेर येईपर्यंत मारलं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. गाडी जॅकवरून उतरवून थोडी पुढेमागे ढकलली म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागेवर बसतं. टायरच्या मधोमध खडूची खूण, मागच्या बाजूला पट्टीने अंतर मोजलं, गाडी अर्धं चाक पुढे ढकलली आणि त्याच खुणा पुढे आल्यावर परत मोजलं. पुढचं अंतर किंचित कमी हवं, तोच टो-इन. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवले म्हणून स्टेअरिंगही सरळ राहिलं.

गाडी थोडी डावीकडे खेचतही होती. त्यासाठी टाय रॉडला हातच लावला नाही, पुढचे दोन टायर आपसात बदलले तर खेच उजवीकडे गेली. म्हणजे दोष टायरचा. ब्रेकच्या ड्रमला हात लावून एखादा ब्रेक चिकटून गरम होतोय का तेही बघितलं.

आता गाडी एक्सप्रेसवेला ऐंशीला शांत चालते, खूप बरं वाटतं राव. पैसे कंप्युटरवाल्यापेक्षा बरेच जास्त लागले पण मला पटले कारण पार्ट आणि मेहनत दोन्ही समोर दिसतात. कमी बाजू म्हणजे वेळ. सकाळी देऊन संध्याकाळी गाडी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, चांगला किंगपिन सेट मिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि उस्ताद फोनवर अंदाज सांगत नाहीत, गाडी बघूनच बोलतात. आत जागा कमी आहे, गाडी रस्त्यावरच उभी राहते. जाताना चारही टायरची हवा बरोबर करून जा, नाहीतर आधी तुम्हाला पंपावर पाठवतील.