प्रथिन आणि पॉलिसॅकराइड: जोड कोणती निवडाल?

औषध वाहून नेण्यासाठी प्रथिनाला पॉलिसॅकराइड (साखरेच्या अनेक रेणूंची लांब साखळी) जोडायचं ठरलं, की बहुतेक जण लगेच पेक्टिन घ्यावं की कायटोसान, या प्रश्नात अडकतात. माझं आग्रहाचं म्हणणं आहे, आधी जोड ठरवा, म्हणजे दोघं कशाने बांधली जाणार ते. प्रथिन आणि पॉलिसॅकराइड शरीरात कुठे एकत्र राहणार आणि कुठे सुटणार, हे मुख्यतः तीच ठरवते.

सगळ्यात सोपी जोड विद्युतभाराची. जिलेटिन आणि अरबी डिंकाचं कोअ‍ॅसर्व्हेशन हे तिचं जुनं उदाहरण; त्यात दोन्ही मिळून द्रावणातून दाट थेंबांच्या रूपात वेगळे होतात. १९२९ मध्ये बुंगेनबर्ग द याँग आणि क्रॉइट यांनी या प्रक्रियेला हे नाव दिलं. पीएच प्रथिनाच्या समविद्युत बिंदूखाली (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य असतो, त्याच्या खाली) आणला की प्रथिन धनभारित होतं आणि ऋणभारित डिंक त्याला ओढून घेतो. उष्णता जेमतेम लागते, जोडणारं रसायन लागत नाही, त्यामुळे नाजूक औषधाला इजा कमी. पण पीएच बदलला किंवा मीठ वाढलं की पकड ढिली होते. रक्ताचा पीएच ७.४ आणि त्यात क्षारही भरपूर, म्हणून इंजेक्शनसाठी ही जोड एकटी वापरू नये. जठरात टिकून आतड्यात सुटायचं असेल, तर मात्र हाच दोष गुण ठरतो.

दुसरी जोड मेलार्ड अभिक्रियेची, म्हणजे प्रथिन आणि साखर तापवल्यावर होणाऱ्या अभिक्रियेची. प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाचा अमिनो गट डेक्स्ट्रान या पॉलिसॅकराइडच्या क्षपणक (अभिक्रिया करू शकणाऱ्या) टोकाशी सहसंयुज, म्हणजे पक्क्या रासायनिक बंधाने जोडला जातो. दोन्हींची एकत्र सुकवलेली भुकटी ६० अंश सेल्सिअस आणि ७९ टक्के आर्द्रतेत ठेवणं ही रुळलेली पद्धत. ती आर्द्रता बंद भांड्यातलं पोटॅशियम ब्रोमाइडचं संपृक्त द्रावण राखतं. वेळ फार जातो, कित्येकदा काही दिवस, आणि जास्त तापवलं तर भुकटी तपकिरी होते. तरीही तोंडावाटे द्यायच्या, पाण्यात न विरघळणाऱ्या औषधासाठी मी हिलाच पहिली पसंती देईन. एरवी समविद्युत बिंदूपाशी प्रथिन साखळतं; इथे डेक्स्ट्रानच्या साखळ्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. शिवाय हळदीतल्या कर्क्युमिनसारखं औषध जोड झाल्यावर भरता येतं, म्हणजे त्याला इतके दिवस ताप सोसावा लागत नाही. प्रथिन हेच औषध असेल, उदाहरणार्थ इन्सुलिन किंवा एखादं विकर, तर हा मार्ग सोडा. ताप आणि अडवलेलं लायसिन, दोन्ही त्याच्या कामाच्या मुळावर येतात.

तिसरी जोड ईडीसी या जोडणाऱ्या रसायनाची (ते कार्बोडायइमाइड गटातलं). ते कार्बॉक्सिल गट सक्रिय करून अमाइड बंध घडवतं आणि स्वतः मध्ये उरत नाही. तयार झालेला युरियाचा साधित पदार्थ डायलिसिसने (लहान रेणूच पार होतील अशा पडद्यातून) धुऊन काढावा लागतो. हायलुरोनिक आम्लासारखं कार्बॉक्सिल असलेलं पॉलिमर आणि टिकाऊ जेल हवं असेल तर ही निवडा. अडचण अशी की प्रथिनात कार्बॉक्सिल आणि अमिनो दोन्ही गट असतात, त्यामुळे सगळं एकदम मिसळलं तर प्रथिनं आपसातच गुंततात. म्हणून आधी पॉलिसॅकराइड सौम्य आम्लात एनएचएससह (सक्रिय झालेला गट टिकवणारं साहाय्यक रसायन) सक्रिय करा आणि मगच प्रथिन घाला. ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं एक द्रावण) टाळा, त्यातलाच अमिनो गट जोड खाऊन टाकतो.

मार्ग दुसरा असो की तिसरा, खरा बंध झालाय का हे एसडीएस जेलवर (प्रथिनं उलगडून आकारानुसार वेगळी करणारी चाचणी) बघा. नुसत्या भाराची जोड तिथे सुटते आणि प्रथिनाची पट्टी मूळ जागी दिसते. सहसंयुज जोड झाली असेल तर पट्टी वर सरकते, बहुधा पसरट डागासारखी.