सोलर वॉटर हीटर: चौदा महिने वापरल्यावर, आणि भिंतीतली ती ओल

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मनीषनगरच्या घरी काचेच्या ट्यूबवाला २०० लिटरचा सोलर बसवला. मशीनबद्दल तक्रार नाही. नागपूरच्या थंडीत पहाटे चौघांच्या अंघोळी आरामात होतात, गीझर लागतो तो फक्त श्रावणातल्या ढगाळ आठवड्यांत. बोअरचं पाणी मात्र त्यात सोडू नका, क्षार साचतात.

खरी कहाणी एप्रिलची. खालच्या बाथरूमच्या मागच्या भिंतीला पोपडे आले. मिस्त्री म्हणाला, "गच्चीचं पाणी मुरून राहिलं भाऊ, वॉटरप्रूफिंग करून टाका." अरे, बाहेर ४४ डिग्री, दोन महिने पावसाचा थेंब नाही, मुरणार काय? शिवाय आईच्या लक्षात आलं की ओल कोमट लागते, आणि सकाळचं पाणीही पूर्वीसारखं कडक राहिलं नव्हतं. कंपनीच्या माणसाने ट्यूबची रबरं बदलायला सांगितली. मी दुपारी एअर व्हेंटमधून (सोलरच्या टाकीची हवा-वाफ सोडणारी नळी) ठिबकणाऱ्या पाण्यावर संशय घेतला. तो चुकीचा निघाला: २०० लिटर पाणी २५ वरून ६५ डिग्रीवर गेलं की तीनेक लिटरने फुगतं, तेवढं बाहेर येणारच.

मग फरशी फोडायच्या आधी मोजायचं ठरवलं. आमची थंड पाण्याची टाकी १००० लिटरची, साधारण सव्वातीन फूट रुंद, म्हणजे एक सेंटिमीटर पातळी उतरली की सात-आठ लिटर गेले. रात्री दहाला मोटर बंद, पट्टीने माप घेतलं, घरात फर्मान काढलं की रात्री नळ, फ्लश काही नाही, उठलात तर बादलीतलं पाणी. बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिता येत नाही. पहाटे पाचला पातळी दोन सेंटिमीटर खाली!

दुसऱ्या रात्री सोलरला जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवला. पातळी हलली नाही, म्हणजे घरातली थंड पाण्याची लाइन ठीक. तिसऱ्या रात्री तो उघडला आणि सोलरमधून निघणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. पातळी तशीच. सोलरची टाकी, ट्यूब, रबरं सगळी निर्दोष. गळती त्या व्हॉल्व्हच्या पुढे, भिंतीतल्या गरम लाइनमध्ये. थेंब थेंब गेलेल्या गरम पाण्याच्या जागी रात्रभर थंड पाणी शिरत होतं, म्हणून सकाळी कोमट.

प्लंबरने हातपंप लावून गरम लाइनवर दाब दिला, काटा हळूहळू उतरत गेला. जिथे भिंत सर्वांत कोमट तिथली एकच टाइल काढली. आत गरम पाण्याच्या पिवळसर सीपीव्हीसी पाइपांमध्ये थंड पाण्यासाठीचा एक पांढरा यूपीव्हीसी एल्बो (वळणावरचा जोड) बसवलेला! तो ६० डिग्रीच्या वर नरम पडतो आणि उन्हाळ्यात सोलरचं पाणी सहज ७० च्या पुढे जातं. हिवाळाभर तग धरली, एप्रिलमध्ये सांधा सुटला. फिटिंग करणाऱ्याकडे त्या दिवशी योग्य एल्बो नसावा आणि इतवारी बाजारात परत जायचा कंटाळा आला असावा, एवढाच माझा अंदाज.

नवी लाइन भिंतीच्या बाहेरून नेली, वर इन्सुलेशन घातलं. दिसायला बेढब आहे. ओल सुकायला महिना लागला. काढलेल्या टाइलचं डिझाइन आता मिळत नाही, त्यामुळे तिथे निळ्यांमध्ये एक पांढरी बसली आहे.