मार्केट यार्डातला ताक-आंबिलीचा गाडा: पाचातले चार तारे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. फेब्रुवारी ते मे आवक जोरात. पोती रिकामी करायला लागले की असा धुरळा उठतो, दुपारपर्यंत कॉलर पिवळी आणि घशाला कोरड. पण सौदे चालू असताना सारखं उठायचं कसं, म्हणून मी पाणीच टाळायचो. चार-पाच कप चहा व्हायचा, तेवढाच ओलावा. गेल्या एप्रिलात त्याचं फळ मिळालं, ६ मिलिमीटरचा मुतखडा. डॉक्टर म्हणाले, "किती पिता ते मला सांगू नका, दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. आणि मीठ कमी करा."

सांगायला सोपं आहे. नुसतं पाणी माझ्याच्यानं जात नाही, दोन तांबे झाले की पोट डब्ब. म्हणून या गाड्यावर जायला लागलो.

गाड्याला नाव, बोर्ड काही नाही. एक मावशी आणि त्यांचा मुलगा. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन माठ, एकात ताक, एकात नाचणीची आंबील. बर्फ अजिबात नाही, तरी ताक दाताला लागेल असं गार. माठातून पाणी पाझरतं, उन्हानं उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं, एवढीच यातली करामत. जूनमध्ये हवा दमट झाली की माठ रुसतो आणि मावशी गाडा बंद करतात.

पहिल्या दिवशी ग्लास मागितला तर मावशींनी विचारलं, "बसणारं का उचलणारं?"

मला कळेना. मुलगा हसला आणि बाजूच्या हमालाकडे बोट केलं. त्याच्या बंडीवर घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. जो पोती उचलतो त्याच्या ताकात मीठ चांगलं चिमूटभर, कारण अंगातलं तेवढं घामावाटे गेलेलं असतं. जो माझ्यासारखा पंख्याखाली कीर्द लिहीत बसतो त्याला बिनमिठाचं, वर फक्त भाजलेल्या जिऱ्याची पूड. जास्त मीठ खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि खड्याला तेच पाहिजे असतं, हे मला सहाशे रुपये फी भरून समजलं. मावशी १५ रुपयांत ताकासकट देतात.

आंबील २० रुपये. नाचणीचं पीठ रात्रभर ताकात आंबवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, निवल्यावर परत ताक घालून सैल करायची. वर ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर. पहिला घोट आंबट, मग लसणाचा ठसका, आणि तळाशी नाचणीचा रवाळ साका, तो बोटानं पुसून खाल्ल्याशिवाय मी ग्लास ठेवत नाही. अकराला एक ग्लास घेतला की दीडपर्यंत डब्याची आठवण येत नाही. साडेअकरानंतर मिळेलच असं नाही. पन्हंही ठेवतात, पण गोडमिट्ट, माझ्या कामाचं नाही. त्यापेक्षा काकडी घ्या. शंभरात ९५ भाग पाणीच, चावून प्यायलं म्हणायचं. फक्त तिखट-मीठ लावायच्या आत "साधी द्या" म्हणा, मुलाचा हात फार चपळ आहे.

एक तारा का कापला? स्टीलचे ग्लास मोजून सहा, आणि सगळे एकाच बादलीत विसळतात. एक वाजेपर्यंत ते पाणी दुधासारखं दिसतं. मी माझा ग्लास घेऊन जातो. मावशींना बोललो तर म्हणाल्या, "मग तुमचा हितंच ठेवा की." ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यातनं तिसराच कोणीतरी पीत होता. आणि तीननंतरचं ताक आंबटढाण असतं, पैसे वाया.

खडा पडला. औषधानं पडला का ताकानं, देव जाणे. यंदाच्या सोनोग्राफीत नवा दिसला नाही. सौद्यातनं मात्र तीन-तीनदा उठावं लागतं. मालक बघायचे, बोलायचे नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनाच गाड्यावर नेलं. मावशींनी नेहमीचा प्रश्न विचारला. मालक ऐटीत म्हणाले, "उचलणारं."

मावशींनी त्यांच्या पोटाकडे एकदा बघितलं आणि मिठाचा डबा बाजूला सारला.