क्यूजीआयएसचा ऑनलाइन कोर्स: थेट वर्ग की रेकॉर्डेड धडे?

क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे मोफत सॉफ्टवेअर शिकवताना थेट वर्गात पहिला तास इन्स्टॉलेशनमध्येच जातो. म्हणून दीर्घ मुदतीची आवृत्ती (एलटीआर) आणि सरावाचा डेटा आठवडाभर आधी पाठवा. डेटा एकाच जिओपॅकेजमध्ये, म्हणजे नकाशाचे सगळे थर एकत्र ठेवणाऱ्या एका फाइलमध्ये द्या. शेपफाइल या जुन्या प्रकारात एकाच थराच्या तीन-चार फाइली असतात; त्या सुट्या पाठवल्या की कुणाकडे तरी .डीबीएफ (माहितीच्या तक्त्याची फाइल) राहून जाते आणि रकान्यांची नावेही दहा अक्षरांवर कापली जातात.

थेट वर्गाचा खरा फायदा प्रोजेक्शनच्या, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या धड्यात दिसतो. थर ईपीएसजी ४३२६ मध्ये (अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीचा क्रमांक) असताना ५०० मीटरचा बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा, म्हणून ५०० लिहिले, तर ते ५०० अंश धरले जातात. स्क्रीन शेअर केली की चूक लगेच सापडते: आधी थर ‘रिप्रोजेक्ट लेयर’ने यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत न्या; तिचा ईपीएसजी क्रमांक पुण्यासाठी ३२६४३, नागपूरसाठी ३२६४४. नुसती प्रोजेक्टची सीआरएस (निर्देशांक प्रणाली) बदलून भागत नाही, आणि नेमके तेच बहुतेक जण करतात.

रेकॉर्डेड धडे नोकरदारांना सोयीचे. डिजिटायझिंग (नकाशावर बिंदू, रेषा, आकृत्या काढणे), लेबले, प्रिंट लेआउट यांना पुरेसे. दहा मिनिटांहून लांब नकोत. मेनू बदलले की पुन्हा चित्रीकरण आलेच, म्हणून शीर्षकात आवृत्ती लिहा.

वीसपर्यंत शिकणारे असतील तर आम्ही थेट वर्गच निवडू. जास्त असतील तर रेकॉर्डेड धडे द्या, पण प्रोजेक्शनचा तास थेटच ठेवा.