कॅम्पर व्हॅन म्हणून आम्हांला जुनी मिनीबस विकली गेली

सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेले अकरा महिने एक पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर उभी आहे. तिच्यात दोन पलंग, एक छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात शौचालय आहे. तिच्यासाठी आम्ही एकूण 7,80,000 रुपये मोजले आणि आज ती आहे त्या रूपात रस्त्यावर नेणे हा आमच्याच हातून होणारा गुन्हा ठरतो. हा व्यवहार कसा झाला, कोणत्या कागदावर आम्ही विसंबलो आणि कोणता कागद वाचायचा राहिला, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण गेल्या काही महिन्यांत आमच्या ओळखीतील आणखी दोन कुटुंबे अशाच गाड्यांची चौकशी करताना मला दिसली.

माझे यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सासूबाईंचे वय 79 असून त्यांचे गुडघे अधू झाले आहेत. प्रवासात त्यांना दर दीड-दोन तासांनी शौचालय लागते आणि महामार्गावरील ढाब्यांची शौचालये त्यांना वापरता येत नाहीत. कोकणात आणि माहेरी सांगलीला जाण्याची त्यांची इच्छा केवळ या एका अडचणीमुळे मागे पडत होती. आमची ऐपत नऊ लाखांपर्यंतची होती आणि तेवढ्यात काय बसेल याचा आम्ही बराच विचार केला होता, हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण फसवणूक केवळ उतावळ्या माणसाचीच होते असा एक समज आहे.

ओढून न्यायची कॅरॅव्हॅन आम्ही प्रथम बाजूला ठेवली. ती ट्रेलर असल्यामुळे तिची स्वतंत्र नोंदणी लागते, तिला स्वतःची नंबरप्लेट असते आणि तिच्या वजनाला पेलणारी, ओढण्याची मान्य क्षमता असलेली गाडी आधी दारात असावी लागते. आमच्याकडे छोटी हॅचबॅक आहे. शिवाय घाटात ट्रेलर मागे घेणे माझ्या यजमानांना या वयात शिकायचे नव्हते. चॅसिसवर स्वतंत्र बॉडी बांधून तयार केलेले मोटरहोम आमच्या सोयीचे होते, परंतु रीतसर मान्यता असलेल्या अशा गाडीची किंमत आमच्या ऐपतीच्या कितीतरी पुढे होती. राहिली कॅम्पर व्हॅन, म्हणजे कारखान्यातून आलेल्या बंद गाडीच्या आतच झोपण्या-जेवणाची सोय केलेली गाडी.

आपल्याकडे या तिन्ही गाड्यांना सरसकट ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतात. इंग्लंडमध्ये हा शब्द ओढून न्यायच्या घरासाठी वापरतात. आपल्या नियमांत मात्र ‘मोटर कॅरॅव्हॅन’ म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारी, आत बैठक व टेबल, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटे पक्की बसवलेली गाडी. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर हा शब्द अधिकच कानावर पडू लागला. शब्दांतील हा गोंधळच विक्रेत्याने आमच्याविरुद्ध वापरला. ‘कॅरॅव्हॅनला आता सरकारची मान्यता आहे’ हे त्याचे वाक्य खरे होते. फक्त त्याच्या शेडमधील गाडी त्या मान्यतेत बसत नव्हती.

ती शेड चाकण परिसरात होती. तिथे एकाच वेळी तीन गाड्यांचे काम चालू होते आणि सुतार, वेल्डर, वायरिंग करणारा मुलगा अशी पाच-सहा माणसे राबत होती, त्यामुळे सगळा कारभार स्थिर वाटला. विक्रेता अतिशय नम्र होता. सासूबाईंना गाडीत चढायला त्रास होईल म्हणून त्याने आपणहून खालची एक पायरी वाढवून देण्याचे कबूल केले आणि ती दिलीही. आम्हांला दाखवलेली गाडी 2014 ची, एका न्यासाच्या नावावरील, खाजगी वापराची ओम्नी बस, म्हणजे चालकाशिवाय सहाहून अधिक माणसांची ने-आण करणारी गाडी, होती. तिच्यावर बँकेचा बोजा नाही ना, हे आम्ही परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर स्वतः तपासले. बोजा नव्हता, विमा चालू होता, कर भरलेला होता. एवढे सगळे स्वच्छ निघाल्यावर, त्याच पानावर ‘वाहनाचा वर्ग’ या ओळीत ‘ओम्नी बस’ असे लिहिलेले असूनही, आमची नजर तिथे थांबली नाही.

गाडी कॅम्पर म्हणून कायदेशीर आहे का, असे मी स्पष्ट विचारले होते. त्यावर त्याने प्लास्टिकच्या पाकिटातून एका प्रमाणपत्राची झेरॉक्स काढली. त्यावर मोटर कॅरॅव्हॅन असा उल्लेख होता, मानकाचा क्रमांक होता, शिक्का होता. “ताई, गाड्यांची मान्यता पुण्यातच होते, कोथरूडच्या एआरएआयमध्ये नाहीतर भोसरीच्या सीआयआरटीमध्ये. आरसीवरचा वर्ग दोन महिन्यांत बदलून देतो, ते आमच्याकडे लागलं,” असे तो म्हणाला. या दोन संस्था पुण्यात आहेत आणि त्या वाहनांना मान्यता देतात, हे खरेच आहे. आपल्याच शहरातील ओळखीची नावे ऐकल्यावर मनातील शंका आपोआप मावळते, हे मला आज कळते. तसे प्रमाणपत्र विशिष्ट निर्मात्याच्या विशिष्ट मॉडेलला मिळते, कोणत्याही जुन्या गाडीला ते चिकटवता येत नाही, हे मात्र तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते.

पैशांची मांडणी त्याने मोठ्या हुशारीने केली. आधी 25,000 रुपये टोकन घेतले आणि नाशिकची एक पार्टी शनिवारी येणार असल्याचे सांगितले. त्यानंतर 500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून गाडीच्या विक्रीचा करार झाला. त्यात गाडीची किंमत 4,20,000 रुपये होती आणि ‘जुने वाहन, आहे त्या स्थितीत’ असे शब्द होते. उरलेल्या रकमेची त्याने ‘फर्निचर काम’ या नावाने साध्या छापील पावतीपुस्तकातील पावती दिली. कराच्या दृष्टीने असे दोन भाग करणे सोयीचे असते, असे त्याचे म्हणणे होते. मी आयुष्यभर हिशेबाचे काम केले आहे आणि त्या दिवशी आकडे जुळतात का, एवढेच पाहिले. घरी परतल्यावर, फार उशिरा, दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तेव्हा लक्षात आले की कॅम्पर, कॅरॅव्हॅन किंवा मोटरहोम यांपैकी एकही शब्द कुठेच नाही. कागदोपत्री त्याने आम्हांला एक जुनी मिनीबस विकली होती आणि वेगळे फर्निचर करून दिले होते.

गाडी नावावर करून देण्याची त्याने विलक्षण घाई केली. नमुना 29 आणि 30 भरून झाले, न्यासाच्या सह्या आल्या आणि महिन्याभरात आरसीवर माझ्या यजमानांचे नाव लागले. हा आम्हांला त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा वाटला. प्रत्यक्षात त्या दिवसापासून गाडीतील प्रत्येक बेकायदा बदलाची जबाबदारी मालक म्हणून आमच्याकडे आली होती.

पहिला प्रवास वाईचा ठरला. खंबाटकी घाट चढताना स्टिअरिंग हलके पडत असल्याचे यजमानांच्या लक्षात आले. वळणावर गाडी हवी तेवढी वळत नव्हती. तरीही आम्ही सुखरूप पोहोचलो आणि सासूबाई मेणवलीच्या घाटाजवळ गाडीतच दोन तास शांत झोपल्या. परतीच्या वाटेवर खेड शिवापूरजवळ परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने आम्हांला थांबवले. अधिकाऱ्यांनी दार उघडून आत पाहिले, आरसीवरील 12 आसनांची नोंद पाहिली आणि बदलाची परवानगी मागितली. यजमानांनी ती झेरॉक्स दाखवली. त्यांनी ती वाचली आणि सौजन्याने एवढेच विचारले, “काका, हे प्रमाणपत्र याच गाडीचं आहे असं तुम्हांला कोणी सांगितलं?” वयस्कर माणूस सोबत असल्यामुळे त्यांनी गाडी अडकवून ठेवली नाही, परंतु दंडाची पावती दिली आणि गाडी मूळ स्थितीत आणण्याची लेखी सूचना हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाड्यांच्या कारखान्यात नोकरी केलेले आमचे शेजारी टेप घेऊन खाली आले. प्रमाणपत्रावर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर, 4020 मिलिमीटर लिहिला होता. त्यांनी टेपचे एक टोक पुढच्या चाकाच्या मध्यावर मला धरायला सांगितले आणि दुसरे मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत नेले. टेपवर 335 सेंटिमीटर आले. पुन्हा मोजले, दुसऱ्या बाजूनेही मोजले, आकडा तोच. या गाड्यांच्या मॉडेलच्या नावातील 3350 आणि 4020 हे आकडे म्हणजेच मिलिमीटरमधील व्हीलबेस, हे त्यांनी तिथेच समजावून सांगितले. प्रमाणपत्र बनावट नसेलही, परंतु ते दुसऱ्याच निर्मात्याने दुसऱ्याच लांबीच्या गाडीवर केलेल्या कामाचे होते. ज्या तपासणीला पाच मिनिटे आणि एक टेप लागते, ती आम्ही पैसे देण्यापूर्वी केली असती तर हे लिहिण्याची वेळ आली नसती.

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार, निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी आरसीवरील नोंदी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-ए मध्ये परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा प्रतिनिधीने गाडीची छायाचित्रे पाहून सांगितले की पॉलिसी 12 आसनी बसची आहे, न कळवलेल्या बदलांमुळे अपघाताचा दावा नाकारला जाऊ शकतो. सासूबाईंना घेऊन आम्ही तो घाट अशा विम्यावर चढलो होतो, हे आठवले की आजही मला झोप लागत नाही.

कागदांपेक्षाही भयंकर गोष्टी गाडीच्या आत निघाल्या. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर पलंगाखालच्या बंद कप्प्यात बसवलेला होता. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो खाली साचतो, म्हणून अशा कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारा, कायम मोकळा झरोका लागतो आणि कप्पा झोपण्याच्या जागेपासून बंदिस्त असावा लागतो. आमच्या कप्प्याच्या तळाला सलग प्लायवूड होते आणि वरची फळी म्हणजेच सासूबाईंचा पलंग. ‘रात्रभर एसी चालेल’ असे सांगून दिलेली बॅटरी 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवर क्षमतेची साधी लेड-ॲसिड होती. गुणाकार केला तर 1,800 वॉट-अवर होतात, आणि अशा बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढली तर ती लवकर बाद होते. सुमारे 1,000 वॉट ओढणारा एक टनाचा एसी तिच्यावर तासाभराच्या आसपास चालणार, हे गणित विक्रेत्यालाही नक्कीच येत होते.

स्टिअरिंग हलके का पडत होते, ते वजनकाट्यावर उलगडले. आधी केवळ पुढची चाके काट्यावर घेतली आणि मग पूर्ण गाडी. एकूण वजन मर्यादेत होते, पण तीन चतुर्थांशाहून अधिक भार मागच्या आसावर पडत होता, कारण 150 लिटरची पाण्याची टाकी, बॅटरी आणि शौचालय हे सारे त्याने मागच्या चाकांच्याही मागे बसवले होते. नुसते पाणीच 150 किलो भरते. मागच्या चाकांच्या मागे ठेवलेले वजन पुढचे टोक उचलते, हे आपण बैलगाडीवरूनही जाणतो, आणि तरी गाडी पाहताना आमचे लक्ष लॅमिनेटच्या रंगाकडे होते.

म्हणून, जे कोणी अशी गाडी पाहायला जातील त्यांना माझे सांगणे असे आहे की आतले फर्निचर सर्वांत शेवटी पाहावे. प्रथम गाडीचा नंबर घेऊन वाहन पोर्टलवर वर्ग पाहावा. तिथे मोटर कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असे नसेल, तर ‘नंतर करून देतो’ या शब्दाला एक रुपयाही देऊ नये. प्रमाणपत्र दाखवले तर त्यावरील निर्माता, मॉडेल आणि व्हीलबेस समोरच्या गाडीशी ताडून पाहावेत. करार एकच असावा, पूर्ण रकमेचा असावा आणि गाडी कोणत्या वर्गात नोंदलेल्या स्थितीत दिली जात आहे, हे त्यात लिहिलेले असावे. विक्रेता हे वाक्य लिहायला तयार नसेल, तर तिथून उठावे. टाकी भरून वजनकाट्यावर नेण्याची अट घालण्यात संकोच बाळगू नये. त्याला शे-दोनशे रुपयांपेक्षा अधिक खर्च येत नाही. आणि ऐपत आमच्याइतकीच असेल, तर मूळ आसने न काढता, ती दुमडून, वर गादी टाकता येईल अशी चांगली सात आसनी गाडी, घडीचे शौचालय आणि गाडीबाहेर मांडायची शेगडी यांवर समाधान मानणे आज मला अधिक शहाणपणाचे वाटते. सासूबाईंची गरज तेवढ्यातही भागली असती.

विक्रेत्याने दोन महिने फोन घेतले, तिसऱ्या महिन्यात ‘मी फक्त जुनी गाडी विकली’ असे लेखी उत्तर वकिलामार्फत पाठवले. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीसंबंधीच्या कलम 318 खाली तक्रार अर्ज दिला आहे. ग्राहक आयोगात जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच ते दहा लाखांपर्यंतच्या व्यवहाराला केवळ 200 रुपये शुल्क पडते. खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिले. आमच्या बाजूने सर्वांत उपयोगी पडत आहेत ते त्याचे व्हॉट्सॲपवरील संदेश, ज्यांत त्याने त्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवून खाली ‘तुमच्या गाडीचे’ असे लिहिले होते. त्या शेडमध्ये आमच्या समोर आणखी दोन गाड्यांचे काम चालू होते. ज्यांच्या हाती 4020 व्हीलबेसच्या प्रमाणपत्राची तशीच झेरॉक्स आली असेल, त्यांनी आजच खाली जाऊन आपली गाडी मोजावी आणि आकडा वेगळा निघाल्यास ते संदेश व पावत्या जपून ठेवाव्यात.