सात तुकड्यांची स्टार रॉड: सोलापूरच्या उन्हात किती टिकते?

सोलापुरात ‘कांडी’ म्हटलं की आधी मागावरची सुताची कांडी आठवते, जादूची नंतर. इथे विषय जादूच्या कांडीचा आहे: व्हिडिओ गेममधल्या किर्बी या पात्राची स्टार रॉड. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा आणि टोकाला पिवळा तारा. थ्रीडी प्रिंट केलेले सुटे भाग घरपोच येतात. घासायचं, जोडायचं, रंगवायचं आपण. पोस्टेजसह किंमत १,६५० रुपये. तारा छान जमलाय. दांडा बनवताना मात्र सोलापूरचा मे महिना कुणाच्या ध्यानात नव्हता.

ज्यांनी खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९३ साली हॅल लॅबोरेटरीने निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम कन्सोलसाठी ‘किर्बीज अॅडव्हेंचर’ काढला. त्यात किंग डेडेडे स्टार रॉडचे सात तुकडे करतो, एक स्वतःकडे ठेवतो आणि सहा सोबत्यांना वाटून टाकतो. किर्बीला हा चोरीचा मामला वाटतो. सगळ्यांना हरवून तुकडे परत आणल्यावर कळतं, की नाइटमेअर नावाचा खलनायक मोकळा सुटू नये म्हणूनच डेडेडेने ती मोडली होती. मग तीच कांडी हातात घेऊन, तारे सोडत नाइटमेअरशी लढायचं. किटचेही नेमके सातच भाग आहेत: दांड्याचे पाच, एक तारा, एक तळाचं बूच. कल्पना ज्याची असेल त्याला पैकीच्या पैकी गुण.

जोडल्यावर लांबी ६३ सेंटीमीटर भरते आणि वजन साधारण १५० ग्रॅम. किर्बी स्वतः जेमतेम २० सेंटीमीटरचा, म्हणजे मूळ मापात केली असती तर कांडी लाटण्याहून लहान झाली असती. ६३ हे माप मोठ्या माणसाच्या हाताला शोभतं. तिसरी-चौथीतल्या मुलासाठी दांड्याचा एक तुकडा गाळून ५३ वर थांबा, नाहीतर गॅदरिंगच्या स्टेजवर तारा शेजारच्याच्या डोळ्यापाशी जातो.

पहिली अडचण सांध्यांची. दांड्याचा प्रत्येक तुकडा १० सेंटीमीटर लांब, बाहेरून २२ मिमी, आतून १२.५ मिमी पोकळ. एका टोकाला १६ मिमीची नळी ८ मिमी बाहेर येते आणि पुढच्या तुकड्याच्या खोबणीत बसते. अशा प्रिंटला सांध्यात ०.२ ते ०.३ मिमी सूट लागते, इथे ती निम्मीही नाही. त्यात प्रिंटचा पहिला थर प्रिंटरच्या गरम बेडवर (तळाच्या पाटावर) दबून बाहेर फुगतो, त्यामुळे तळाची कड आणखी जाड होते. ही कड आधी कटरने खरवडून काढा, मग नळीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवा. हाताच्या जोराने तुकडा आत गेला की थांबा. ठोकून बसवायला गेलात तर नळी मुळापासून तुटते, कारण तुकडे उभे प्रिंट केलेत आणि त्यांचे थर आडवे आहेत. वाकवण्याचा किंवा बाजूने ठोकण्याचा ताण आला की दोन थर एकमेकांपासून सुटतात.

त्याच कारणाने नुसत्या गोंदावर जोडलेली कांडी फिरवायच्या लायकीची होत नाही. सगळा ताण मुठीच्या लगेच वरच्या सांध्यावर आणि ताऱ्याच्या मानेवर येतो. किटमध्ये आतून घालायला काहीही दिलेलं नाही, ही सगळ्यात मोठी चूक. उपाय सोपा आहे: १० मिमीची, १ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची पोकळ नळी ३६ सेंटीमीटर कापून घ्या. २ सेंटीमीटर ताऱ्याच्या मानेत, ३० वरच्या तीन तुकड्यांत, उरलेले ४ चौथ्या तुकड्यात. भोक १२.५ मिमीचं असल्याने नळी आत डुगडुगते. दर आठ-दहा सेंटीमीटरवर मास्किंग टेपचे वेढे देऊन ती मधोमध आणा आणि दोन भागांचा इपॉक्सी गोंद लावून रात्रभर आडवी ठेवा. नळीमुळे वजन फक्त २५-३० ग्रॅमने वाढतं. भरीव सळई घातली तर त्याच्या जवळपास तिप्पट. सुपरग्लू लवकर धरतो, पण तो कडक आणि ठिसूळ असतो, धक्क्याला सुटतो. शिवाय त्याची वाफ सांध्याभोवती पांढरा थर सोडते आणि तो लाल रंगातून उठून दिसतो.

आता तारा. टोकं किंचित गोलसर, कडांना हलका उतार, पिवळं प्लॅस्टिक अर्धपारदर्शक. किटसोबतचा एलईडी दिवा न लावताही तो सुरेख दिसतो. दिवा लावला की मात्र आतली जाळी दिसायला लागते. मजबुतीसाठी ताऱ्याच्या पोटात पंधरा टक्के भरणीची चौकटी जाळी छापलीय, तिची सावली बाहेर पडते आणि ताऱ्याऐवजी खिडकीच्या ग्रिलमागचा बल्ब पाहिल्यासारखं वाटतं. एवढ्या लहान वस्तूला आतली भरणी नकोच होती. दोन-तीन भिंती आणि वरच्या बाजूला चार-पाच थर पुरले असते. बंद ताऱ्यातली जाळी घरी काढता येत नाही. एलईडीचं टोक ४०० च्या पेपरवर घासून धुरकट केलं तर सावलीच्या कडा थोड्या मऊ होतात, इतकंच. ग्लू गनचा गोंद आत ओतायचा मोह टाळा, तो इतका गरम असतो की ताऱ्याची भिंत बसते.

सोबत दिलेली विजेची जोडणी म्हणजे तीन पांढरे एलईडी आणि बूचमध्ये एक सीआर २०३२ बटण सेल. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ ते ३.२ व्होल्ट लागतात, सेल ३ व्होल्टचा आणि थोड्याच करंटसाठी बनवलेला. पहिल्या काही मिनिटांत झकास उजेड, कार्यक्रम संपेपर्यंत काजवा. त्याहून गंभीर बाब म्हणजे बूच नुसतं दाबून बसतं, स्क्रू नाही. बटण सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. घरात लहान मूल असेल तर हा सेल वापरूच नका. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा.

त्याऐवजी तीन एएए सेल घाला. त्यांची जाडी १०.५ मिमी, म्हणजे १२.५ च्या भोकात आरामात जातात आणि बाजूने एक बारीक वायर खाली यायला जागा उरते. तिघांची लांबी १३.४ सेंटीमीटर. खालच्या दोन तुकड्यांतले २० सेंटीमीटर, त्यातून नळीचे ४ वजा केले तरी १६ उरतात. स्प्रिंग आणि स्विच त्यात मावतात. वरच्या वायरी अॅल्युमिनियमच्या नळीतून न्या, पण जिथे त्या नळीच्या कडेवरून वळतात तिथे स्लीव्ह चढवा, नाहीतर कड वायरीची साल कापते आणि शॉर्ट होतं. तीन सेल म्हणजे साडेचार व्होल्ट, तेव्हा प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १०० ओहमचा रेझिस्टन्स. एका एलईडीला साधारण १४ मिलिअँपिअर मिळतात, तिघांना मिळून बेचाळीसच्या आसपास. चांगल्या अल्कलाइन सेलवर वीसेक तास निघतात, शेवटी शेवटी उजेड उतरत जातो. तिन्ही एलईडी एकाच रेझिस्टन्सवर टाकले तर एक जास्त पेटतो आणि दोन रुसतात. बुचाला बाजूने एक बारीक स्क्रू मारून घ्या.

सेल खाली गेल्याने आणखी एक काम आपोआप होतं. किटप्रमाणे जोडलेली कांडी डोक्याकडे जड लागते; तळाशी ३५ ग्रॅम आले की तोल मुठीकडे सरकतो. सिद्धेश्वर यात्रेत उंच नंदीध्वज पेलणाऱ्या गावाला वरच्या वजनाचं गणित वेगळं शिकवायला नको.

आता उन्हाचा विषय. सगळे भाग पीएलएचे आहेत. हे प्लॅस्टिक साधारण ५५ ते ६० अंशांवर मऊ पडायला लागतं. मे महिन्यात इथे सावलीतच पारा ४३ च्या पुढे जातो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत साठीचा आकडा सहज गाठला जातो. सात रस्ता चौकात गाडी लावून तासाभराचं काम उरकून या, दांडा धनुष्य झालेला असेल. नुसती भिंतीला तिरकी टेकवून गच्चीवर ठेवली तरी ती स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकते. लाल पट्टे पांढऱ्यांपेक्षा जास्त तापतात, हेही लक्षात असू द्या. रंगवण्याआधीच तुकडा वाकला असेल तर ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवा, सपाट फरशीवर लाटल्यासारखा फिरवून सरळ करा आणि गार पाण्यात घाला. रंग लागल्यावर हा उपाय चालत नाही. अॅल्युमिनियमची नळी घातलेला दांडा वाकत नाही, पण ताऱ्याची टोकं आणि सांध्यांच्या कडा तरी बसतातच.

पीईटीजी हे दुसरं प्लॅस्टिक ७५ ते ८० अंशांपर्यंत तग धरतं आणि त्याचे थरही एकमेकांना जास्त घट्ट चिकटतात. घासायला ते जरा चिवट, बाकी तक्रार नाही. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, होम मैदानावर फिरताना पीएलए बिनघोर चालेल. प्रश्न मार्च ते जूनचा आहे.

रंगकामात घाई केली की सगळं वाया जातं. थरांच्या रेषा बुजवायला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात ती एनसी पुट्टी पातळ हाताने लावा आणि वाळल्यावर २२० आणि मग ४०० च्या वॉटर पेपरने ओलं घासा. कोरडं घासलं तर घर्षणाने पीएलए तापतं, रेषा जायच्या ऐवजी लिंपल्यासारख्या होतात. नळाला पाणी रोज येत नसलं तरी या कामाला एक तांब्या पुरतो. मग प्राइमर, मग पूर्ण दांडा पांढरा. लाल आधी देऊन वर पांढरा मारला तर गुलाबी झाक राहते.

पट्ट्यांसाठी २४ मिमीची मास्किंग टेप तिरकी गुंडाळायची. २२ मिमी दांड्याचा घेर ६९ मिमी. टेप एका फेऱ्यात ६७ मिमी वर चढली तर पट्टा आणि मधली फट दोन्ही २४ मिमीची होतात. आधी दांड्यावर पेन्सिलने दर ६७ मिमीवर खूण करून घ्या, अंदाजाने गुंडाळलेली टेप तिसऱ्या फेऱ्यापासून भरकटते. टेपच्या कडांवर नखाने दाब द्या आणि पांढऱ्याचाच आणखी एक हलका हात मारा. कडेखाली जो रंग शिरायचा तो पांढराच शिरतो, आणि त्यानंतरचा लाल बाहेर राहतो. लालचे दोन पातळ हात, स्प्रेचा कॅन २० ते २५ सेंटीमीटरवरून. उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरका. दुपारच्या गरम हवेत फवारा दांड्यापर्यंत पोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. टेप लाल रंग थोडा ओलसर असतानाच काढा. उन्हात तापलेली टेप आपला चिकटा दांड्यावर ठेवून जाते आणि तो काढताना पांढरा रंगही निघतो.

सगळा हिशोब मांडला तर नळी, सेल, पुट्टी, प्राइमर, दोन रंगांचे कॅन धरून किटच्या किमतीवर बराच खर्च चढतो, आणि त्यातला मोठा भाग दांड्याची दुरुस्ती करण्यात जातो. म्हणून आमचा कल फक्त ताऱ्याकडे आहे. विक्रेता सुटे भाग विकतो. दांड्यासाठी वायरिंगचा २० मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या: सांधे नाहीत, थर नाहीत, उन्हात पीएलएपेक्षा बराच सोशिक, आणि प्रिंटच्या पाच तुकड्यांपुढे किंमत किरकोळ. आतून तो १६-१७ मिमी असतो, सेल खडखडू नयेत म्हणून त्यांना कागदाची गुंडाळी द्या. पाइपचा गुळगुळीतपणा २२० च्या पेपरने मोडल्याशिवाय प्राइमर धरत नाही. घेर कमी असल्याने त्याच टेपला एका फेऱ्यात ७५ मिमी चढवावं लागेल. लाकूडच हवं असेल तर लाटणी-खुंट्या करणाऱ्या खरादीकडून २२ मिमीचा दांडा काढून घ्या. दिवा सोडावा लागेल, हाताला मात्र सगळ्यात छान तोच लागतो.

ऑर्डरसोबतच्या रकान्यात दोनच गोष्टी लिहून पाठवा: तारा पीईटीजीमध्ये, आणि आत जाळी नको. मानेचं भोकही विचारून घ्या. ते १२.५ मिमीच असेल, तर पीव्हीसी पाइपच्या तोंडात लाकडाची गट्टी बसवून तिला मधोमध १० मिमीचं भोक पाडा आणि अॅल्युमिनियमच्या नळीचा सहा सेंटीमीटरचा तुकडा ताऱ्यात दोन, गट्टीत चार असा चिकटवा.