चेस्टनट लावताना: चिनी, संकरित की मूळचे अमेरिकी?

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियापासून व्हर्जिनियापर्यंतच्या डोंगराळ अ‍ॅपलेशियन पट्ट्यात ज्यांची थोडी मोकळी जमीन आहे आणि तेथे चेस्टनट (खाण्याजोगे कवचफळ देणारे झाड) लावायचा आहे, त्यांच्यापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात: चिनी चेस्टनट, चिनी-अमेरिकी संकर आणि मूळचा अमेरिकी चेस्टनट. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात आढळलेल्या करपा रोगाच्या बुरशीने पुढच्या सुमारे ५० वर्षांत या अमेरिकी झाडांची अब्जावधींची संख्या संपवली, आणि निवडीचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

केवळ फळ हवे असेल, तर चिनी झाड निःसंशय सोयीचे आहे. ते करपा बऱ्यापैकी सोसते, मूळकुजीलाही दाद देत नाही आणि त्याचे फळ मोठे असते; अमेरिकी फळ लहान, पण अधिक गोड. मात्र चिनी झाड बागेतल्या झाडासारखे आडवे पसरते, त्यामुळे उंच जंगलात ते मागे पडते. शिवाय जवळपास अमेरिकी झाडे असतील, तर त्याचा पराग त्यांच्यावर जाऊन बी मिश्र होते.

संकराची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनने बॅकक्रॉस पद्धत अवलंबली: चिनी झाडाची प्रतिकारशक्ती घ्यायची आणि संकराचा पुन्हा पुन्हा अमेरिकी झाडाशी संयोग करून १६ पैकी १५ हिस्से अमेरिकी वारसा परत मिळवायचा. प्रतिकारशक्ती दोन-तीन जनुकांत असेल, हे त्यामागचे गृहीतक होते. पुढे जनुकीय अभ्यासातून ती अनेक जनुकांत विखुरलेली असल्याचे दिसले. म्हणजे अमेरिकी वारसा वाढला की प्रतिकार घटतो, ही ओढाताण टळत नाही. तरीही या कामाचा एक मोठा लाभ झाला. प्रतिकाराचा स्रोत म्हणून 'क्लॅपर' आणि 'ग्रेव्हज' ही मोजकीच चिनी-अमेरिकी संकरित झाडे वापरली गेली असली, तरी त्यांच्या वंशजांचा संकर राज्याराज्यांतील स्थानिक अमेरिकी झाडांशी करण्यात आला आणि त्या त्या प्रदेशातील विविधता बागांत जपली गेली. करप्याला तोंड देता यावे म्हणून गव्हाचे जनुक घातलेल्या 'डार्लिंग' या अमेरिकी चेस्टनटला फाउंडेशनने २०२३ च्या अखेरीस पाठिंबा देणे थांबवले, त्यामुळे त्याची वाट पाहत लागवड थांबवू नये.

माझे मत मूळच्या अमेरिकी झाडाच्या बाजूने आहे. त्याला करपा होणार, हे ठाऊक असूनही मी ते सुचवतो, कारण चेस्टनटचे बी वाळले की मरते आणि धान्याप्रमाणे सुकवून वर्षानुवर्षे साठवता येत नाही. विविधता टिकवायची तर झाडे जिवंतच ठेवावी लागतात. प्रतिकारशक्ती उद्याच्या संकरात आणता येईल, पण एखाद्या खोऱ्यातील झाडांबरोबर गेलेली जनुके परत आणता येणार नाहीत.

लावायचे ठरले, तर बी स्थानिक झाडांचे घ्यावे आणि ते कोठून आणले याची नोंद ठेवावी. झाड स्वतःच्या परागाने फळत नाही, म्हणून वेगवेगळ्या मातृवृक्षांची किमान दोन, शक्यतो अधिक रोपे लावावीत. जागा भरपूर उन्हाची असावी, म्हणजे करपा गाठण्यापूर्वी फुलोरा येण्याची शक्यता वाढते. खोड करप्याने गेले, तरी बुंधा उपटू नये. मुळे बहुधा जिवंत असतात आणि त्यांतून नवे धुमारे फुटतात.